छत्तरमंझिलातील ब्राह्मी आणि चंचल मुले

मराठी माणसास लखनौ ठाऊक असते ते बहुधा दोन कारणांनी. अठराशे सत्तावनच्या उठावातील रेसिडेन्सीचा वेढा शाळेच्या पुस्तकात भेटतो. आणि ज्यांच्या घरात तंबोरा आहे त्यांस पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी १९२६ साली येथे स्थापन केलेले मॅरिस संगीत महाविद्यालय माहीत असते. नोकरीच्या निमित्ताने छावणीत येऊन स्थिरावलेल्या आमच्यासारख्या कारकुनांस मात्र हळूहळू एक तिसरे लखनौ दिसू लागते. ते प्रयोगशाळांचे लखनौ होय. या शहरात वनस्पतींवर, जीवाश्मांवर, विषद्रव्यांवर आणि औषधांवर संशोधन करणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्था आहेत, आणि त्यांतील एकीच्या हातून घडलेल्या एका वनस्पतीच्या कथेचा धागा थेट आपल्या घरातील लहान मुलांपर्यंत येऊन पोहोचतो. ती वनस्पती म्हणजे ब्राह्मी; आणि ती मुले म्हणजे ज्यांचे चित्त एके ठिकाणी ठरत नाही, ज्यांस आजचे वैद्यक 'अवधान-न्यूनता व अतिचंचलता विकार' या लांबलचक नावाने ओळखते, ती. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यास सर्वत्र ए. डी. एच. डी. म्हणतात. या विकारावरील औषधांची मुलांवर परीक्षा कशी होत आली, आणि त्या इतिहासात लखनौच्या ब्राह्मीचे स्थान कोणते, हे सांगण्याचा या लेखाचा हेतू आहे.

औषधशास्त्र हा आमचा विषय नव्हे. आमचा धंदा फाइलींचा. परंतु फाइल वाचण्याची एक शिस्त असते. टिपणी कोणी लिहिली, कोणत्या तारखेस लिहिली, तीत नेमके काय म्हटले आहे, आणि पुढच्या टेबलावर गेल्यावर तिचा अर्थ बदलला काय, हे पाहावयाचे असते. ब्राह्मीचा इतिहास आम्ही याच शिस्तीने वाचला आहे.

प्रथम विकाराविषयी. चंचल मूल हे काही विसाव्या शतकाचे अपत्य नव्हे. अलेक्झांडर क्रिक्टन या स्कॉटिश वैद्याने १७९८ साली चित्ताच्या अस्थैर्याचे जे वर्णन केले ते आजच्या वर्णनाशी बरेच जुळते. फ्रांकफुर्टचे डॉक्टर हाइनरिख होफमान यांनी आपल्या लहानग्या मुलासाठी लिहिलेले चित्रमय पद्यपुस्तक १८४५ साली प्रसिद्ध झाले. जेवणाच्या मेजावर खुर्ची झुलवीत अखेर सारे जेवण अंगावर ओढून घेणारा त्यातील फिलिप युरोपातील घराघरांत पोहोचला. १९०२ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने दिलेल्या व्याख्यानांपासून हा विषय वैद्यकाच्या दप्तरी रीतसर दाखल झाला. बुद्धीने मंद नसूनही ज्यांचा स्वतःवर ताबा राहत नाही अशा मुलांचे वर्णन स्टिल यांनी केले आणि त्यास नैतिक नियंत्रणाचा दोष म्हटले. दोष मुलाच्या वृत्तीत की मेंदूत, हा वाद तेव्हापासूनचा आहे.

यानंतर या विकाराची नावे अनेकदा बदलली. काही काळ त्यास 'मेंदूचा अल्पसा बिघाड' म्हणत. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या वर्गीकरण-ग्रंथात १९६८ साली 'बालपणातील अतिचंचल प्रतिक्रिया' असे नाव आले, १९८० साली अवधानाच्या न्यूनतेवर भर देणारे नाव आले, आणि १९८७ साली दोहोंचा संयोग होऊन आजचे नाव ठरले. नावे बदलली तरी वर्गातील मूल तेच राहिले. बाईंचा प्रश्न पुरा होण्याआधी उत्तर देणारे, उत्तर देता देता खिडकीबाहेर पाहणारे, डबा शाळेत आणि वही घरी विसरणारे.

औषधाचा शोध मात्र चुकूनच लागला. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड प्रांतात एमा पेंडलटन ब्रॅडली यांच्या नावाचे मुलांचे एक रुग्णालय होते. तेथील डॉक्टर चार्ल्स ब्रॅडली मुलांच्या मेंदूची क्ष-किरण छायाचित्रे घेत असत. त्या काळी त्यासाठी पाठीच्या कण्यातील द्रव काढून त्या जागी हवा भरावी लागे, आणि त्यामुळे मुलांचे डोके भयंकर दुखे. तो द्रव शरीरात लवकर तयार व्हावा म्हणून ब्रॅडली यांनी बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध देऊन पाहिले. डोकेदुखी फारशी थांबली नाही; परंतु काही मुले अभ्यासास अशी बसू लागली की शिक्षक चकित झाले. १९३७ साली त्यांनी ३० मुलांस एक आठवडा हे औषध देऊन केलेली निरीक्षणे प्रसिद्ध केली. त्यांपैकी १४ मुलांच्या शालेय कामात ठळक सुधारणा दिसली होती. मुले त्या गोळ्यांस गणिताच्या गोळ्या म्हणत. उत्तेजक औषधाने चंचल मूल शांत व्हावे, हा विरोधाभास तेव्हा कोणासच उलगडला नव्हता. मेंदूतील ज्या यंत्रणा मनास आवर घालतात त्यांसच ही औषधे चालना देतात, असा खुलासा पुढे पुष्कळ वर्षांनी झाला.

१९४४ साली बाझेल येथील सीबा कंपनीत लेआंड्रो पानित्सोन या रसायनज्ञाने मेथिलफेनिडेट हे द्रव्य बनविले. त्याची पत्नी मार्गरीट, लाडाने रीटा, ते घेऊन टेनिस खेळे. तिच्या नावावरून औषधाचे नाव रिटालिन पडले. १९५० नंतरच्या दशकात ते बाजारात आले आणि पुढे चंचल मुलांवरील प्रमुख औषध ठरले.

आता परीक्षेची गोष्ट. ब्रॅडली यांनी मुलांस औषध दिले आणि काय होते ते पाहिले. परंतु कोणतेही औषध घेतल्यावर माणसास बरे वाटण्याची अनेक कारणे असतात. काळ जातो, मूल मोठे होते, परीक्षा संपतात, आईबापांचे लक्ष वाढते, आणि औषध सुरू आहे या विश्वासानेही पाहणाऱ्याची नजर बदलते. ही सारी कारणे बाजूस काढावयाची तर एकच उपाय आहे. मुलांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट पाडावे, एकास औषध द्यावे, दुसऱ्यास तशीच दिसणारी परंतु निर्गुण गोळी द्यावी, आणि कोणास काय मिळाले हे मुलास, पालकांस व तपासणाऱ्या डॉक्टरांस शेवटपर्यंत कळू देऊ नये. यास दुहेरी अंध पद्धत म्हणतात. किथ कॉनर्स आणि लिऑन आयझेनबर्ग या अमेरिकन संशोधकांनी मेथिलफेनिडेटची मुलांवर अशा रीतीने केलेली परीक्षा १९६३ साली प्रसिद्ध झाली. शिक्षकांनी व पालकांनी भरावयाची जी प्रश्नावली कॉनर्स यांनी पुढे तयार केली ती आजही त्यांच्याच नावाने जगभर वापरली जाते. या परंपरेतील सर्वांत मोठ्या परीक्षांपैकी एकीचा निष्कर्ष १९९९ साली आला. तीत ७ ते ९ वर्षांच्या ५७९ मुलांचे चार गट करून १४ महिने उपचार केले होते. मूळ लक्षणांपुरते पाहता काळजीपूर्वक दिलेले औषध हे केवळ वर्तन-प्रशिक्षणापेक्षा सरस ठरले. परंतु तीच मुले तीन वर्षांनी पुन्हा तपासली तेव्हा गटागटांतील तो फरक उरलेला नव्हता. या औषधांनी भूक मंदावते, झोप उडते, वाढीचा वेगही थोडा कमी होऊ शकतो, हेही अशा परीक्षांतूनच नोंदले गेले. म्हणून पालकांच्या मनात प्रश्न उभा राहतो की याहून सौम्य काही आहे काय. येथे आपण लखनौस परत येतो.

गोमतीच्या काठी छत्तरमंझिल नावाचा राजवाडा आहे. घुमटावरील सोनेरी छत्रावरून त्यास हे नाव पडले. गाजीउद्दीन हैदर याने त्याचे काम सुरू केले आणि नसीरुद्दीन हैदर याने ते पुरे केले. सत्तावननंतर या वाड्यात इंग्रज अधिकाऱ्यांचा युनायटेड सर्व्हिस क्लब होता. आमच्या छावणीतील त्या वेळचे साहेबलोक संध्याकाळी तेथे जात असत. स्वातंत्र्यानंतर क्लब गेला, आणि १७ फेब्रुवारी १९५१ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते त्याच वास्तूत केंद्रीय औषध संशोधन संस्थेचे उद्घाटन झाले. संस्थेची आखणी करण्यासाठी सर एडवर्ड मेलनबी यांस आणले होते. मुडदूस हा मुलांचा हाडांचा रोग आहारातील उणिवेने होतो, हे कुत्र्याच्या पिलांवरील प्रयोगांनी दाखवून देणारे ते हेच शास्त्रज्ञ. नवाबांच्या शयनगृहांत कसनळ्या मांडल्या गेल्या, बेगमांच्या दालनांत उंदरांचे पिंजरे आले, आणि साठ वर्षे ही व्यवस्था टिकली. पुढे २०१२ च्या सुमारास संस्था शहराच्या उत्तरेस जानकीपुरम विस्तारातील नव्या इमारतीत गेली.

संस्थेसमोरील अनेक कामांपैकी एक काम होते आपल्या परंपरेतील वनस्पतींचे रासायनिक परीक्षण. त्यात ब्राह्मी आली. परंतु ब्राह्मी म्हणजे कोणती, येथूनच प्रश्न सुरू होतो. पाणथळ जागी पसरणारी, लहान जाड पानांची, पांढुरक्या-जांभळट फुलांची एक वेल आहे. तिचे शास्त्रीय नाव बॅकोपा मोनिएरी. दुसरी गोलसर पानांची, मूत्रपिंडाच्या आकाराच्या पात्याची. ती मंडूकपर्णी, जीस मराठीत कारिवणाही म्हणतात. निरनिराळ्या प्रांतांत या दोहोंसही ब्राह्मी म्हणण्याची चाल आहे. चरकसंहितेत मेधा वाढविणारी जी चार रसायने सांगितली आहेत त्यांत मंडूकपर्णी, ज्येष्ठमध, गुळवेल आणि शंखपुष्पी यांची नावे आहेत. ब्राह्मीचे नाव त्या चारांत नाही, ते अपस्मारावरील ब्राह्मीघृतात येते. सुश्रुताने मात्र मेधा व आयुष्य वाढविणाऱ्या रसायनांच्या अध्यायात मंडूकपर्णी आणि ब्राह्मी यांची वेगवेगळी वर्णने केली आहेत. तेव्हा 'आयुर्वेदात ब्राह्मी सांगितली आहे' हे वाक्य उच्चारणाऱ्याने आपल्या हातातील पाला कोणता, हे आधी पाहणे इष्ट. छत्तरमंझिलातील शास्त्रज्ञांनी बॅकोपाची निवड केली आणि हा संभ्रम निदान आपल्यापुरता मिटविला.

१९६३ साली एन. चटर्जी, आर. पी. रस्तोगी आणि एम. एल. धर यांनी या वनस्पतीतील द्रव्यांच्या पृथक्करणाचा पहिला लेख प्रसिद्ध केला. दुसरा १९६५ साली आला. त्यांनी वेगळ्या काढलेल्या फेसाळ द्रव्यांस बॅकोसाइड अ आणि बॅकोसाइड ब अशी नावे मिळाली. ज्यास आपण एकच द्रव्य समजत होतो ते बॅकोसाइड अ म्हणजे वस्तुतः अनेक सॅपोनिनांचे मिश्रण आहे, असे पुढील संशोधकांस आढळले. विज्ञानाच्या फाइलीत अशा दुरुस्त्या होतच असतात. येथे एका योगायोगाची नोंद करावीशी वाटते. अमेरिकेत कॉनर्स व आयझेनबर्ग यांचा लेख १९६३ चा, लखनौचा हा लेखही १९६३ चा, आणि ज्या मध्य कमानीमुळे आमच्या छावणीस आजचे महत्त्व आले तिची येथील पुनःस्थापनाही १९६३ चीच. तिन्ही गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. परंतु पुढे पहिल्या दोन गोष्टी मुलांच्या औषधपेटीत एकमेकींस भेटल्या.

द्रव्य मिळाले, आता गुण पाहावयाचा. १९८२ साली एच. के. सिंह आणि बी. एन. धवन यांनी ब्राह्मीच्या अर्काचा उंदरांच्या शिकण्यावर काय परिणाम होतो ते प्रसिद्ध केले. उजेड व अंधार यांतील भेद ओळखून विजेचा सौम्य धक्का टाळावयाचा, असे ते प्रयोग होते. अर्क दिलेले उंदीर लवकर शिकले आणि शिकलेले त्यांच्या अधिक काळ ध्यानात राहिले. १९८८ साली बॅकोसाइड अ आणि ब यांचाही असाच परिणाम दाखविण्यात आला. याच कामातून अर्काचा एक ठरावीक प्रतीचा नमुना सिद्ध झाला. त्यातील बॅकोसाइडांचे प्रमाण सुमारे ५५ टक्के राखलेले असते, आणि संस्थेच्या नावाच्या आद्याक्षरांवरून त्यास 'सी. डी. आर. आय. ०८' म्हणतात. वैद्याच्या अंगणातील पाला ऋतूऋतूला बदलतो; प्रमाणित अर्क बदलत नाही. परीक्षा घ्यावयाची तर आधी परीक्षार्थी एकच असावा लागतो, म्हणून या कामाचे महत्त्व मोठे आहे.

उंदरांपासून मुलांपर्यंतचा प्रवास मात्र सरळ झाला नाही. मंडूकपर्णीची मतिमंद मुलांवर परीक्षा १९७३ सालीच प्रसिद्ध झाली होती. तीत ३० मुले होती. १९८७ साली काशी हिंदू विश्वविद्यालयातील वैद्यांनी ब्राह्मीची ४० शाळकरी मुलांवर तीन महिने परीक्षा केली आणि त्यांच्या स्मरणात व आकलनात सुधारणा नोंदविली. ही मुले निरोगी होती. अतिचंचलतेचा प्रश्न तेथे नव्हता. त्या प्रश्नास सरळ हात घालणारी परीक्षा २००० साली 'इंडियन जर्नल ऑफ सायकिअ‍ॅट्री'च्या पुरवणीत आली. ए. डी. एच. डी. असलेल्या ३६ मुलांपैकी १९ जणांस १२ आठवडे ब्राह्मीचा अर्क आणि १७ जणांस निर्गुण औषध देण्यात आले. वाक्य ऐकून जसेच्या तसे म्हणणे, गोष्टीतील मजकूर आठवणे, शब्दांच्या जोड्या लक्षात ठेवणे, अशा काही कसोट्यांत अर्क घेतलेली मुले पुढे गेली. परीक्षा चांगल्या पद्धतीची होती. मुले मात्र इतकी थोडी की दोनचार मुलांच्या कमीअधिक उत्तरांनी निष्कर्ष हलावा.

दरम्यान बाजार थांबला नव्हता. १९९० नंतरच्या दशकात लखनौच्या संशोधनावर आधारलेले 'मेमरी प्लस' हे औषध मोठ्या गाजावाजाने विक्रीस आले. बुद्धिबळपटू विश्वनाथन आनंद यांची छबी त्याच्या जाहिरातीत होती. परीक्षेच्या महिन्यांत आईबाप ते विकत घेत. येथेच आमच्या फाइलीच्या शिस्तीचा उपयोग होतो. प्रयोगशाळेच्या टिपणीत लिहिले होते की अर्क दिलेले उंदीर धक्का टाळण्यास लवकर शिकतात. बाजाराच्या टेबलावर ती टिपणी आली तेव्हा तिचे वाचन झाले की मुलाची स्मरणशक्ती वाढते. आणि दुकानातून ती घरात आली तेव्हा तिचा अर्थ झाला की मूल शांत बसेल. तीन टेबले, तीन अर्थ. मूळ टिपणीवरील सही मात्र तीच राहिली.

आमच्या कचेरीतील एका सहकाऱ्याचा मुलगा आठ वर्षांचा आहे. शाळेतून त्याच्याबद्दल दर पंधरवड्यास चिठ्ठी येते. डॉक्टरांनी तपासून विकाराचे निदान केले आणि औषध सुचविले. घरी आजी म्हणाली, एवढ्याशा लेकराला मेंदूचे औषध कशाला, मी बाळगुटीत वेखंड उगाळून तुम्हां साऱ्यांना वाढवले. दुपारच्या डब्याच्या वेळी सहकाऱ्याने आम्हांस विचारले, "ब्राह्मी तर आपल्या लखनौच्याच सरकारी संस्थेनं सिद्ध केली आहे ना? मग डॉक्टरांच्या गोळीऐवजी तीच दिली तर काय बिघडलं?" प्रश्न भाबडा नव्हता. पगारदार, बदलीच्या नोकरीतला, मुलाच्या काळजीने रात्री जागणारा बाप तो विचारीत होता, आणि त्याच्या निर्णयावर एका मुलाची शाळेतील पुढली दोन-तीन वर्षे अवलंबून होती. 'सिद्ध केली' या दोन शब्दांत नेमके काय सिद्ध झाले, हे त्यास सांगणे आम्हांस भाग होते.

त्या उत्तरातील सर्वांत महत्त्वाचा कागद परदेशातून आला आहे. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे स्विनबर्न विद्यापीठ आहे. तेथील कॉन स्टफ आणि त्यांचे सहकारी लखनौच्या अर्काचा अभ्यास बरीच वर्षे करीत आले. २००१ साली त्यांनी ४६ निरोगी प्रौढांवर १२ आठवडे केलेल्या परीक्षेत शिकण्याच्या वेगात व माहिती ग्रहण करण्यात सुधारणा आढळल्याचे प्रसिद्ध केले. त्यानंतर ते मुलांकडे वळले. २०१५ साली त्यांनी नियोजित परीक्षेची आखणी आधीच छापून प्रसिद्ध केली. कोणास घेणार, किती दिवस, कोणत्या कसोट्या आणि त्यांतील मुख्य कोणती, हे सारे निकालाआधी जाहीर होते. ही गोष्ट वाटते त्याहून मोठी आहे, कारण निकाल हाती आल्यावर सोयीची कसोटी मुख्य म्हणून पुढे करण्याची वाट त्यामुळे बंद होते. परीक्षा ६ ते १४ वर्षांच्या, अवधानाची न्यूनता व अतिचंचलता दिसणाऱ्या मुलग्यांवर झाली. ११२ जणांनी भाग घेतला, मुदत १४ आठवड्यांची होती, औषधाची मात्रा वजनाप्रमाणे ठरविली होती, आणि पद्धत दुहेरी अंध. निकाल २०२२ साली प्रसिद्ध झाला. वर्तनाची जी मुख्य कसोटी ठरविली होती तीत अर्क घेतलेली आणि निर्गुण गोळी घेतलेली मुले यांत लक्षणीय फरक आढळला नाही. दुय्यम कसोट्यांपैकी काहींत मात्र अर्काचा गट सरस दिसला. कसोटी सोडविताना चुका कमी होणे, विचाराची दिशा बदलता येण्याची लवचिकता, इतरांशी वागण्यातील अडचणी आणि झोपेची शिस्त यांत ती सुधारणा होती.

तत्पूर्वी २०१४ साली आलेल्या एका अभ्यासात ६ ते १२ वर्षांच्या ३१ मुलांस सहा महिने ब्राह्मीचा प्रमाणित अर्क देण्यात आला होता, आणि बहुतेक मुलांची अस्वस्थता कमी झाल्याचे त्यात म्हटले होते. त्या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. एकाच वनस्पतीविषयीचे हे दोन निकाल शेजारी ठेवून पाहावे. पहिल्यात जवळजवळ सर्वांस गुण, दुसऱ्यात मुख्य लक्षणांवर फरक नाही. दोन्ही प्रामाणिक असू शकतात. निर्गुण गोळी घेतलेली मुलेही सहा महिन्यांत काही प्रमाणात सुधारतात; तुलनेचा गट नसला की ती सुधारणाही औषधाच्या खाती जमा होते. जमाखर्च ज्याने लिहिला आहे त्यास हे वेगळे समजावून द्यावे लागत नाही.

म्हणून सहकाऱ्यास आम्ही सांगितले ते असे. लखनौच्या संस्थेने ब्राह्मीतील द्रव्ये शोधली, त्यांचा प्राण्यांच्या शिकण्यावर परिणाम दाखविला आणि खात्रीलायक प्रतीचा अर्क तयार केला. हे तिचे श्रेय निर्विवाद आहे. त्या अर्काने अतिचंचल मुलाचे मुख्य लक्षण कमी होते, असे त्याच अर्काच्या सर्वांत काटेकोर परीक्षेत आढळले नाही. काही बाबतींत आशेला जागा आहे, आणि ती आणखी परीक्षांची वाट पाहत आहे. तेव्हा डॉक्टरांचे औषध बंद करून ब्राह्मी सुरू करण्यास या कागदांत आधार नाही. आणि ब्राह्मी द्यावयाचीच असेल तर डॉक्टरांस सांगून द्यावी, कारण तिनेही काहींचे पोट बिघडते व मळमळते. आजीचा मान राखावा. परंतु वेखंडाने वाढलेली आजीची सारी मुले चंचल नव्हती, हेही लक्षात घ्यावे.

आणखी एक गोष्ट सांगितली, तीही लखनौचीच. सिकंदरबागेतील राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९९० साली दाखविले की ब्राह्मी पाण्यातील तांबे आणि कॅडमियम शोषून घेते. दूषित पाणी स्वच्छ करण्यास ती उपयोगी पडेल, या दृष्टीने तो अभ्यास होता. जी वनस्पती गटारातील धातू ओढून घेते ती कोणत्या पाण्यात वाढली हे न पाहता मुलाच्या पोटात घालणे कितपत शहाणपणाचे, हे ज्याने त्याने ठरवावे. बाजारातील जुडी आणि प्रमाणित अर्क यांत हाही भेद आहे.

या इतिहासात एका पक्षाचा आवाज आतापर्यंत ऐकू आला नाही. तो पक्ष म्हणजे स्वतः मूल. ब्रॅडलींच्या काळी मुलास विचारण्याची चाल नव्हती. १९६४ साली हेलसिंकी येथे जगातील वैद्यकीय संघटनांनी माणसांवरील प्रयोगांचे नीतिनियम मान्य केले, आणि त्यानंतर हळूहळू मुलांविषयीचे नियम कडक होत गेले. आपल्या देशात वैद्यकीय परीक्षांची सरकारी नोंदवही २००७ साली सुरू झाली आणि १५ जून २००९ पासून औषधांच्या परीक्षांची तीत आगाऊ नोंद सक्तीची झाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या नियमांप्रमाणे पालकांच्या लेखी संमतीखेरीज सात वर्षांवरील मुलाचाही होकार घ्यावा लागतो. बारापर्यंत तोंडी, त्यापुढे लेखी. मुलाने नको म्हटले तर त्यास मान द्यावा लागतो. ज्या मुलाविषयी सर्वांची तक्रार हीच की ते कोणाचे ऐकत नाही, त्याचे म्हणणे प्रथम ऐकून घ्यावे असे नियम सांगतो, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. निर्गुण गोळी आपल्या वाट्यास येऊ शकते हे जाणूनही ज्या मुलांनी व त्यांच्या आईबापांनी चौदा-चौदा आठवडे त्या गोळ्या घेतल्या, त्यांच्यामुळेच आज एका बापास खरे उत्तर देता आले. त्यांची नावे कोणत्याही लेखात छापलेली नाहीत.

मेलबर्नचा निकाल वाचून लखनौच्या संशोधनाचा अपमान झाला असे मानणारे काही लोक आम्हांस भेटले आहेत. आम्हांस तसे वाटत नाही. ज्या अर्काची प्रत ठरलेली नव्हती त्याची अशी परीक्षाच होऊ शकली नसती. ती प्रत छत्तरमंझिलात ठरली. तिच्यावरील 'होय' जितका लखनौचा तितकाच 'नाही'ही लखनौचा. आपल्या वनस्पतींवर आपले प्रेम आहे म्हणून त्यांस परीक्षेतून सूट मिळावी, असे म्हणणाऱ्यांनी त्या वनस्पतीचे भले केले नाही आणि मुलांचेही नाही.

सहकाऱ्याने औषध चालू ठेवले आहे. शाळेतल्या चिठ्ठ्या थांबल्या नाहीत, पण आता त्या महिन्याकाठी येतात. यावरून काही सिद्ध होते असे आम्ही म्हणणार नाही. एकच मुलगा, तुलनेस दुसरा गट नाही, आणि पाहणारा त्याचा बापच. मात्र वर्गात त्यास पहिल्या बाकावर, खिडकीपासून दूर बसविले जाते, गृहपाठ लहान लहान तुकड्यांत दिला जातो, आणि संध्याकाळी छावणीच्या मैदानावर त्यास मनसोक्त धावू दिले जाते. यांपैकी कोणत्या उपायाने किती गुण आला हे वेगळे करता येत नसले तरी त्या धावण्यावर मात्र कोणाचाही आक्षेप नाही, आजीचासुद्धा.